अभ्यासपाठ : वही कोण राखतं, वीज की विश्वास?



पाठ वाचायला घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मनात द्या. तुमच्या गटाची रोखवही आत्ता कुणाच्या घरी आहे? पैशांची पेटी कुणाकडे आहे? आणि पेटीची किल्ली कुणाकडे? तिन्ही वेळा एकाच घराचं नाव आलं असेल, तर हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा.

अलीकडे आपल्या उंब्रज भागातल्या बैठकांत बिटकॉइन, ब्लॉकचेन, मायनिंग हे शब्द कानावर येऊ लागलेत. कुणाचा भाचा सांगतो, कुणाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. "मॅडम, हे नक्की काय असतं?" असं तुम्ही विचारता. शब्द नवे असले तरी त्यामागचा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. पैशाची वही अनेकांनी मिळून ठेवायची, तर ती खोटी होऊ नये म्हणून काय करायचं? गटातल्या बायका हे काम दर बैठकीला करतात. जगातले मोठमोठे संगणकवाले त्याच प्रश्नावर कशी उत्तरं शोधतात ते आज पाहू, आणि त्यातून आपल्या गटासाठी काय घ्यायचं तेही पाहू.

एक वही, अनेक घरी

समजा, गटात दहा जणी आहेत आणि रोखवही एकीकडे न ठेवता दहाही जणींनी तिची पूर्ण नक्कल आपापल्या घरी ठेवायची असं ठरलं. फायदा लगेच दिसतो. एकीने पान फाडलं किंवा आकडा खोडला तरी बाकी नऊ वह्या शाबूत असतात. पूर आला, घर गळलं, उंदरांनी कागद कुरतडला, तरी हिशोब जात नाही. अशा वाटून ठेवलेल्या वहीचा संगणकावरचा एक प्रकार म्हणजे ब्लॉकचेन. ब्लॉक म्हणजे वहीचं पान आणि चेन म्हणजे पानांची साखळी.

पानांची साखळी कशी होते? आपल्या रोखवहीत प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आपण "मागील शिल्लक" लिहितो. मागच्या पानावरचा आकडा कुणी नंतर बदलला, तर पुढच्या पानावरची मागील शिल्लक जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक पानावर मागच्या पानाचा असाच एक ठसा असतो. हा ठसा गणिताने काढलेला असतो. मागच्या पानावरचं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो.

आता अडचण पाहा. दहा घरी दहा वह्या आहेत, पण आजचं नवं पान कुणी लिहायचं? दोघींनी दोन वेगळी पानं लिहिली तर खरं कुठलं मानायचं? आपण हे बैठकीत सोडवतो. सगळ्या समोर बसतात, हिशोब मोठ्याने वाचला जातो, "बरोबर आहे का?" असं विचारलं जातं आणि मग सह्या होतात. पण वही राखणारे हजारो असतील, वेगवेगळ्या देशांत असतील आणि एकमेकांना ओळखतही नसतील, तर काय करायचं?

पहिलं उत्तर : कष्टाचा पुरावा

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. ती वही सुरू करणाऱ्याने सातोशी नाकामोतो असं नाव लावलं होतं. तो कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. या वहीत कुणीही, नाव न सांगता, वही राखायला बसू शकतं. तिथे बहुमत घ्यायचं तर पंचाईत होते. एकच माणूस हजार खोट्या नावांनी आत शिरून हजार मतं देईल. आपल्याकडे तसं होत नाही, कारण कोण कुणाची सून आणि कुणाची जाऊ हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून बिटकॉइनने नियम केला की नवं पान लिहायचं असेल तर आधी कष्ट करून दाखवा. कष्ट म्हणजे संगणकाने एक आकडा शोधायचा. त्यात अक्कल लागत नाही. लाखो-करोडो आकडे टाकून बघायचे आणि जुळेपर्यंत थांबायचं नाही. साधारण दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी आकडा जुळतो, तो नवं पान लिहितो आणि बक्षीस म्हणून त्याला नवे बिटकॉइन मिळतात. यालाच मायनिंग म्हणतात. या पद्धतीचं नाव प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे कष्टाचा पुरावा. कल्पना त्याआधीची आहे. सिंथिया ड्वर्क ही संशोधक आणि तिचे सहकारी मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये नको असलेल्या ई-मेलना आळा घालण्यासाठी असाच उपाय सुचवला होता. एक पत्र पाठवणाऱ्याला थोडेच कष्ट पडावेत, पण लाखो पत्रं पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडावं, असा त्यांचा विचार होता.

यात खोटेपणा महाग पडतो. जुनं पान बदलायचं तर त्या पानापासून पुढच्या सगळ्या पानांचे कष्ट पुन्हा करावे लागतात, तेही बाकी सगळ्या जगापेक्षा वेगाने. ही पद्धत चालते, हे मान्य केलं पाहिजे. पण तिची किंमत विजेत मोजावी लागते. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे बिटकॉइनला वर्षाला १०० अब्ज युनिटपेक्षा जास्त वीज लागते. आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो वर्षभर, रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालला असं धरलं, तरी सुमारे १७ अब्ज युनिट होतात. म्हणजे असे पाच-सहा कोयना प्रकल्प एका वहीच्या राखणीला जुंपावे लागतील. शेतीपंपाच्या विजेसाठी रात्री उठणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

इथेच एक सावधगिरीची सूचना. "आमच्याकडे पैसे भरा, आम्ही तुमच्या नावाने मायनिंग करू, दर महिन्याला ठरावीक टक्के देऊ" असं कुणी म्हटलं तर थांबा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचं आमिष दाखवलं गेलं. त्यात देशभरातल्या लोकांचे पैसे अडकले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य संशयिताला अटक केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. मायनिंगमध्ये दर महिन्याची ठरलेली कमाई नसते. गटाचा पैसा अशा ठिकाणी एक रुपयाही जाता कामा नये.

दुसरं उत्तर : ओळख असेल तर वीज कशाला?

कष्टाचा पुरावा लागतो तो ओळख नसते म्हणून. मग ओळख, नाव किंवा ठेव यांच्या आधारावर वही राखता येईल का? येते. त्याच्या तीन वाटा सांगते.

पहिली वाट ठेवीची. वही राखणाऱ्याने आधी अनामत ठेवायची. खोटं पान लिहिताना सापडला तर अनामत कापली जाते. इथेरियम नावाच्या मोठ्या ब्लॉकचेनने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कष्टाची पद्धत सोडून ही पद्धत धरली. तिथे राखणदार व्हायला किमान ३२ इथर, म्हणजे त्यांच्या चलनातली ३२ नाणी, अनामत ठेवावी लागतात. या एका बदलाने तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला. पण यात एक खोट आहे. ज्याची ठेव मोठी, त्याचा आवाज मोठा. आपल्या गटात सगळ्यांची बचत सारखी आणि मतही सारखं असतं. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी वाट नावाची. वही कुणी राखायची त्यांची यादी आधीच ठरवायची. ती माणसं किंवा संस्था सगळ्यांना माहीत असतात. नवं पान त्यांच्यातल्या ठरलेल्या संख्येने सही केल्यावरच पक्कं होतं. खोटं केलं तर नाव जातं आणि यादीतून काढलं जातं. वीज नगण्य लागते, काम झटपट होतं. पण यादी कोण ठरवतं आणि चुकणाऱ्याला काढणार कोण, हे प्रश्न उरतात.

तिसरी वाट गोतावळ्याची. इथे एकच यादी नसते. मी कुणावर विश्वास ठेवते ते मी ठरवते, तुम्ही कुणावर ठेवता ते तुम्ही. माझ्या यादीतल्या पुरेशा जणांनी "हे पान खरं" म्हटलं की मी ते मानते. याद्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या की सगळ्यांचं एकमत होतं. स्टेलर हे जाळं या पद्धतीवर चालतं. तिची मांडणी डेव्हिड मॅझिएरेस या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने २०१५ मध्ये केली. आपला ग्रामसंघ डोळ्यांसमोर आणा. एका वस्तीतला गट दुसऱ्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला ओळखत नाही, पण दोन्ही गट ज्यांना ओळखतात अशा काही जणी ग्रामसंघात असतात, म्हणून व्यवहार चालतो. हे मधले धागे तुटले तर एका गावात दोन वह्या तयार होतात आणि दोन्ही बाजू आपलीच खरी म्हणतात.

तिघी पुरत नाहीत, चौथी लागते

विश्वासावर वही राखायची तर किती जणी खोट्या निघाल्या तरी चालेल? याचं उत्तर गणिताने दिलं आहे. लेस्ली लॅमपोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीस या तिघांनी १९८२ मध्ये ते मांडलं. आपल्या भाषेत सांगते.

सचिव, अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा तिघी तीन वस्त्यांवर आहेत आणि फोनवरून रक्कम कळवायची आहे. कोषाध्यक्ष ताईंना सचिव म्हणाल्या, "आठ हजार." अध्यक्ष म्हणाल्या, "मला तर सचिवांनी पाच हजार सांगितले." आता सचिवांनी दोघींना दोन आकडे सांगितले, की अध्यक्ष मधल्या मध्ये आकडा बदलतायत? कोषाध्यक्ष ताईंनी कितीही डोकं लावलं तरी कळणार नाही. चौथी सदस्य आली की चित्र बदलतं. सचिव सोडून तिघी आपण काय ऐकलं ते एकमेकींना सांगतात. एकीने आकडा बदलला असेल तर बाकीच्यांच्या बहुमताने ती उघडी पडते. सचिवांनीच तिघींना तीन आकडे सांगितले असतील, तर निदान "आज ही नोंद करायची नाही" यावर तिघींचं एकमत होतं.

हिशोब असा आहे : एक खोटी असेल तर किमान चौघी हव्यात, दोन असतील तर सात, तीन असतील तर दहा. म्हणजे दहा जणींचा गट तिघी खोट्या निघाल्या तरी तग धरू शकतो. मात्र बाकी सात जणींनी ऐकलं पाहिजे, विचारलं पाहिजे आणि एकमेकींशी पडताळलं पाहिजे. गप्प बसणारी सदस्य या गणितात धरता येत नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. वरचा हिशोब तोंडी निरोपाचा आहे. निरोपावर कुणालाही नक्कल करता येणार नाही अशी सही असेल, तर लबाडी पकडणं कितीतरी सोपं होतं, कारण एकाच बाईच्या सहीचे दोन वेगळे आकडे समोर ठेवले की बोलायला जागा उरत नाही. म्हणूनच "विश्वास आहे, लिहायचं कशाला?" हे वाक्य चुकीचं आहे. विश्वास आहे, म्हणून लिहायचं आणि सही घ्यायची.

आपल्या राज्यात काय चाललंय

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली इथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट, हे कुठूनही तपासता यावं हा हेतू. पॉलिगॉन ठेवीच्या पद्धतीवर चालतं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये विश्वस्य नावाची ब्लॉकचेन व्यवस्था जाहीर केली. तिचे संगणक भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपल्या पुण्यातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आहेत. तिथे वही राखणारे आधीच ठरलेले आणि परवानगी दिलेले आहेत. म्हणजे ही नावाची वाट. सरकारी दाखल्यांसाठी अनोळखी माणसांची शर्यत लावायची गरजच नाही.

पण एक मर्यादा ध्यानात घ्या. ब्लॉकचेन एवढंच सांगते की लिहिलेलं नंतर बदललेलं नाही. जे लिहिलं तेच मुळात खरं होतं का, हे ती सांगू शकत नाही. पाचशेची बचत घेऊन तीनशे लिहिले, तर तीनशेच कायमचे पक्के होतात. पहिली नोंद खरी करणं हे माणसांचंच काम राहतं.

आपल्या गटांची माहिती आता लोकोस ॲपवर भरली जाते. ती ब्लॉकचेन नाही, एका ठिकाणी सांभाळलेला हिशोब आहे. नाबार्डने २०१५ मध्ये झारखंडमधल्या रामगड आणि आपल्या धुळे जिल्ह्यात ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. त्यात गटाचा हिशोब संगणकावर आला आणि सदस्याच्या मोबाइलवर व्यवहाराचा मेसेज जाऊ लागला. नोंदीची खूण प्रत्येकीच्या हातात पोचली, हा त्यातला मोलाचा भाग. तुमची बचत पुस्तिकाही तेच काम करते. ती तुमच्याच घरी असली पाहिजे, सचिवांच्या घरी गठ्ठ्यात नाही.

सह्या पाच, पण हात एकच

विश्वासाची वही कशी बुडते, याचंही उदाहरण पाहू. रोनिन नावाची एक ब्लॉकचेन होती, मोबाइलवरच्या एका खेळाच्या पैशांसाठी. ती नावाच्या पद्धतीवर चालत होती. राखणदार नऊ, आणि पैसे काढायला त्यातल्या पाच सह्या पुरेशा. कागदावर व्यवस्था चांगली दिसते. पण नऊपैकी चार सह्यांच्या किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी सही दुसऱ्या मंडळाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण वाढला, म्हणून त्या मंडळाने "आमच्या वतीने सही करा" अशी परवानगी याच कंपनीला दिली. डिसेंबरमध्ये ते काम संपलं, पण परवानगी मागे घ्यायची राहून गेली.

२३ मार्च २०२२ रोजी चोरांनी कंपनीच्या संगणकांत शिरून पाचही सह्या मिळवल्या आणि १,७३,६०० इथर व वर २.५५ कोटी डॉलर काढून नेले. तेव्हाच्या भावाने एकूण ६० कोटी डॉलरहून जास्त. चोरी उघडकीला आली २९ मार्चला, एका ग्राहकाला आपले पैसे निघेनात तेव्हा. सहा दिवस कुणी वही उघडून पाहिली नव्हती.

आता आपल्याकडे या. गटाच्या बँक खात्यातून पैसे काढायला दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. पण गटभेटींत मला काय दिसतं? "सारखं कुठं उंब्रजला जायचं, ऊसभांगलणीचे दिवस आहेत," म्हणून अध्यक्ष ताई चार-पाच कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आधीच सह्या करून ठेवतात. हेतू वाईट नसतो. सचिवांवर विश्वास असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो खराही असतो. पण त्या क्षणी दोन सह्यांची व्यवस्था एका हातात गेली. ती स्लिप सचिवांच्या घरातून दुसऱ्या कुणाच्या हाती लागली, तर प्रामाणिक सचिवांवरच आळ येतो. कोऱ्या कागदावरची सही टाळली तर गटाचा पैसा वाचतो आणि सचिवांची अब्रूही वाचते.

पंचसूत्री आपण पाठ म्हणतो : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. त्यातल्या बैठकीला आणि हिशोब लेखनाला हीच ताकद आहे. आपली बैठक हीच आपली राखण आहे. त्यासाठी कोयनेची वीज लागत नाही, दीड तास लागतो.

या महिन्यात करायची कामं

१. कोऱ्या, सह्या केलेल्या विड्रॉल स्लिप किंवा चेक असतील तर बैठकीत सगळ्यांसमोर फाडून टाका आणि तसा ठराव लिहा.

२. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, रोखवही तिसरीकडे ठेवा. या तिघी एकाच घरातल्या नसाव्यात.

३. बैठक संपण्याआधी आजची जमा, आजचा खर्च आणि शिल्लक मोठ्याने वाचा. मागील शिल्लक जुळते का, हे दर वेळी वेगळ्या सदस्याने पाहावं. जिला वाचता येत नाही तिनेही पेटीतले पैसे मोजावेत.

४. बचत पुस्तिका प्रत्येकीच्या घरी जाऊ द्या. नोंद झाली की तिथेच सही घ्या.

५. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून आणा आणि बैठकीत दाखवा. सहा दिवस न उघडलेल्या वहीचं काय झालं, ते वर वाचलंतच.

६. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्याही लगेच बदला. जुनी परवानगी तशीच राहू देऊ नका.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

- आपल्या गटात एका बाईने ठरवलं तर एकटीने पैसे काढता येतील का? प्रामाणिक उत्तर द्या.
- गेल्या तीन बैठकांत हिशोबावर प्रश्न कुणी विचारला? कुणीच नसेल, तर का?
- प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला आपण "संशयी" म्हणतो का?

शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ बोला. हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. गटात मात्र विचारणारी बाई सगळ्यांच्या पैशाची राखण करत असते. पुढच्या महिन्याच्या गटभेटीत मी रोखवहीआधी पेटी, किल्ली आणि वही कुठे आहेत ते विचारणार आहे. तीन वेगळ्या घरांची नावं ऐकायला मला आवडतील.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, उंब्रज विभाग